मायऱ्याचे चार लाख

तळोदा,
९ जुलै २०२५

तुझ्या मोठ्या जावेच्या भावाने भाचीच्या लग्नात सात लाखांचा मायरा आणला, हे नेमीचंदला फोनवर तीनदा ऐकवायची काय गरज होती? त्याचे कान शाबूत आहेत, गुडघे गेलेत. आणि वेळ तरी बघायची. दिवस मावळायला आलेला, तो ताटावर बसलेला, तेव्हा तुझा फोन. तू बोलत राहिलीस, सूर्य गेला आणि त्याचं जेवण राहिलं. आपल्यात दिवेलागणीनंतर ताटाला हात लावत नाहीत, हे अमळनेरला दिल्यावर विसरलीस काय? साखरेचा माणूस उपाशी झोपला. रात्रभर एकच धोशा, "बाई, दीपमालाच्या मंडपात आपण कमी पडता कामा नये." त्या जावेचा भाऊ सुरतेत गिरणीवाला आहे. तुझा भाऊ तळोद्यात पातेली विकतो.

असो. चि. दीपमाला, आशीर्वाद. जवाईसांना जय जिनेंद्र.

हे फोनवर बोलले असते, पण या घरात फोन म्हणजे देवळातला भोंगा, सगळ्या आळीला ऐकू जातो. शिवाय फोनवर बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी नाकारतं. म्हणून कागद. मी तिसरी शिकलेली बाई, एक पान लिहिता लिहिता पाठ धरते, तेव्हा नीट वाच.

नेमीचंदला दिवाळीत साठ पुरी होतात. दिवाळीनंतर भांड्यांचं दुकान बंद करायचं ठरलंय. त्याचा अंकित पुण्याची नोकरी सोडून पातेली विकायला यायचा नाही, आणि त्याचा पगार त्याच्या फ्लॅटच्या हप्त्यात जातो, त्याच्याकडे बघायचं नाही. सरकारी माणूस घरी बसला की पेन्शन येते. दुकानदार घरी बसला की गिऱ्हाईक ओळखसुद्धा देत नाही. म्हणून आधीच बघून ठेवलं. दुकानाची जागा भाड्याने जाईल, बँकेत आठ लाखांची ठेव आहे तिचं व्याज येईल, तेवढ्यात तो, सून आणि मी नीट जगू. पण बसायच्या दिवशी डोक्यावर कोणाचं देणं नको. आज त्याच्या रिद्धीच्या लग्नाचं पतसंस्थेचं कर्ज आहे. सुनेच्या पाटल्या गहाण आहेत. आणि भिंतीएवढ्या टीव्हीचा हप्ता चालू आहे, ज्याच्यासमोर तुझा भाऊ घोरतो.

मी कंबर बांधली आहे. मोटार विकली, स्टँड दहा पावलांवर आहे. रविवारची कचोरी बंद. फोनचं रिचार्ज तिघांचं होतं, ते दोघांचं केलं. सून तोंड फुगवून बसली, मग तिला पाटल्या दाखवायला बँकेत नेलं. लॉकरमध्ये नाहीत, गहाण खात्यात आहेत, हे पाहून तिचं तोंड आपोआप खाली बसलं.

आता तुझ्या रिंकूच्या लग्नाचा मायरा. मामा भाचीच्या लग्नात रिकाम्या हाताने येत नाही, हे मला कोणी शिकवायला नको. तुझ्या डोक्यावर ओढणी घालेल, ताटात नारळ, गूळ आणि दुकानातली चांगली अकरा भांडी असतील. रोकड नाही, सोनं नाही, तुझ्या सासरच्या गोतावळ्याला कपडे नाहीत. मी तुझी आई आहे तशी त्याचीही आहे, म्हणून दोघांनाही एकच सांगते.

उत्तर पोस्टाने दे. भावाला फोन करू नकोस.

तुझी बाई

•

अमळनेर,
२१ जुलै २०२५

बाई, पगे लागते.

तुझं पत्र आधी ओट्यापाशी उभ्याने वाचलं, मग देवासमोर बसून वाचलं. दोन्हीकडे सारखंच कडू लागलं.

भाईचं जेवण राहिलं याचं मला वाईट वाटतं. पण सात लाखांचं मी सुखासुखी सांगितलं नव्हतं. जावेच्या मुलीच्या लग्नाला वर्ष झालं, तरी या घरात चहाला कोणी आलं की तो मायरा निघतो. सासूबाई माझ्याकडे बघतात. काही बोलत नाहीत, बघतात फक्त. तू बोलतेस ते परवडलं.

रिद्धीच्या लग्नात आम्ही काय कमी केलं होतं? भाईने घरच्यासारखं बोलावलं, आम्ही घरच्यासारखं केलं. तेव्हा तू म्हणालीस, "दीपमाला, तू माझी लाज राखलीस." आता माझी पाळी आली तर अकरा भांडी?

साठ माणसांचे कपडे जाऊ देत, त्यावर मी पाणी सोडलं. पण रोख थांबवू नकोस. भाईने मला स्वतःहून शब्द दिलाय की चार लाख ताटात ठेवीन. मी आकडा मागितला नव्हता. रिंकूचे सासरचे जळगावचे आहेत, त्यांच्यात मायऱ्याचा आकडा माइकवर सांगतात. तो सांगतील तेव्हा मी त्या मंडपात उभी असणार आहे, तू नाहीस.

आम्ही भुकेलेले आहोत असं समजू नकोस. रिंकूच्या लग्नाचे पैसे ह्यांनी कधीच बाजूला काढलेत. घरात पडून काय करायचे, म्हणून व्याजाने लावलेत. लग्नाआधी परत येतील. तेव्हा प्रश्न पैशाचा नाही, मंडपाचा आहे.

भाईचे गुडघे दाखवलेस का? भाभीला सांग, पाटल्या सुटतील.

तुझी
दीपमाला

•

तळोदा,
३ ऑगस्ट २०२५

चि. दीपमाला, आशीर्वाद.

चार लाखांचा आकडा मला माझ्या घरात कळला नाही, अमळनेरहून पोस्टाने आला. पत्र वाचलं आणि तशीच दुकानात गेले. नेमीचंद गल्ल्यावर होता. मोलगीच्या जीपा लागल्या होत्या, डोंगरातल्या बायका पितळी घागरी ठोकून बघत होत्या. त्या गेल्यावर विचारलं.

"चार लाख कुठून आणणार?"

"आहेत, बाई."

"कुठे आहेत?"

"कपाटात."

"कपाटात कुठून आले? कपाटाला वासरू झालं काय?"

"बाई, तू माळ जप ना."

"माळ संध्याकाळी. आता सांग."

मग निघालं. ज्येष्ठातच दलालाकडून उचललेत. दीड रुपया शेकडा, दर महिना. म्हटलं, लग्न मार्गशीर्षात आणि पैसे ज्येष्ठात? तर मलाच शिकवतो, मार्गशीर्षात घरोघरी लग्नं निघतात, पैसा महाग होतो, म्हणून स्वस्तात आहे तोवर घेऊन ठेवला. म्हणजे पैसा कपाटात झोपलाय आणि व्याज जागं आहे. दर महिन्याला सहा हजार. याने जन्मभर स्वस्तात भांडी भरून ठेवली, तशी रोकड भरून ठेवली. भांडं वर्षभर पडलं तर त्याला गंज चढतो, एवढंच. कर्ज पडून राहिलं तर वाढतं, हे साठ वर्षांच्या दुकानदाराला त्याच्या आईने सांगायचं.

किल्ली घेतली आणि मोजले. दोन लाख ऐंशी हजार भरले.

"वरचे?"

"पतसंस्थेचे हप्ते थकले होते. नोटीस आली होती. तुला कशाला सांगायचं म्हणून..."

तर असं आहे. रिद्धीच्या लग्नाचं कर्ज रिंकूच्या मायऱ्याच्या कर्जातून फिटतंय. मी म्हटलं, आहेत तेवढे आजच्या आज परत कर. म्हणे, दलाल तुकड्याने घेत नाही, पूर्ण चार आण म्हणतो. आणि वर, "मी दीपमालाला शब्द दिलाय."

म्हणून किल्ली आता माझ्या कमरेला आहे आणि मी रोज दुकानात बसते. बँकेतल्या ठेवीला हात न लावता एक लाख वीस हजार जमवायचे आणि कर्ज मुळासकट परत करायचं, हे मी ठरवलंय. धनतेरसला भांडं घेत नाही असं घर खानदेशात नाही. वर्षाचा निम्मा धंदा त्या दोन दिवसांत होतो. या वेळी मी उधारी देणार नाही आणि नेमीचंदला भाव सोडू देणार नाही.

तुझ्याकडून एकच काम हवंय. भावाला एक ओळ लिही, की तुझा शब्द मी सोडला. तू सोडल्याशिवाय तो ऐकायचा नाही.

बाई

•

अमळनेर,
१७ ऑगस्ट २०२५

बाई, पगे लागते.

पर्युषण तोंडावर आलं. तुला उपवास करू नकोस म्हणून सांगण्यात अर्थ नाही, तरी सांगते.

ती ओळ मी लिहायला बसले होते. खरंच बसले होते. पण मागच्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. प्रश्न पैशाचाही आहे.

ह्यांची खताची एजन्सी दोन वर्षं ओढत चालली आहे. शेतकऱ्यांकडे माल गेलाय, कंपनीचे पैसे भरून झालेत, वसुली नाही. त्यातून रिंकूच्या नावाचे चार लाख तेवढे वेगळे राखले होते, तेच व्याजाने लावलेले. ह्यांनी गेल्या महिन्यात दलालाला सांगितलं की हॉलवाला आणि आचारी दोघं आगाऊ मागतात, पैसे आणून दे. दलाल म्हणतो, पार्टी दिवाळीपर्यंत मुदत मागते. दिवाळीनंतर आणखी मुदत मागितली तर? ह्यांनी त्याला निरोप धाडलाय की पार्टीच्या दारात जाऊन बस, नरड्याला धर. महिन्याचं पाच हजारांचं पाकीट येतं तेवढं येतं, पण पाकिटात हॉल बसत नाही.

दलाल कोण, पार्टी कोण, मला माहीत नाही. बायकांनी त्यात पडायचं नाही म्हणतात. कोण असा माणूस असेल ज्याने एका मुलीच्या लग्नाचे पैसे अडकवून ठेवलेत, त्याचं मला राहून राहून नवल वाटतं.

म्हणून आता भाईचे चार लाख आले तर आचाऱ्याचे भागतील. बाई, मी तुझ्याजवळ कधी काही मागितलं नाही. मला ती ओळ लिहायला लावू नकोस.

दीपमाला

•

तळोदा,
६ सप्टेंबर २०२५

चि. दीपमाला, आशीर्वाद. हे पत्र उभ्याने वाचू नकोस, खाली बस.

पर्युषण झालं आणि परवा बाजारच्या दिवशी दलाल दुकानात आला. करणसिंग म्हणून आहे, शहाद्यापासून अमळनेरपर्यंत मोटारसायकलवर हिंडतो. याचे पैसे त्याला, त्याचे याला, मधे स्वतःची दलाली. नेमीचंद साखर तपासायला गेला होता. गल्ल्यावर मी.

"नेमीशेठ कोठे गयात?"

"रगत देवाले गया. काय काम शे?"

"बाई, पार्टी पैसा मांगी ऱ्हायनी. त्यास्ना घर लगीन शे."

तुझं पत्र माझ्या उशाखाली होतं, पण डोक्यातही होतं. म्हटलं, "कोन पार्टी?"

"नाव सांगाना धंदा नही मन्हा."

"नको सांगू. लगीन पोऱ्यानं शे का पोरीनं?"

"पोरीनं."

"मार्गशीर्षमा?"

"हा."

"अमळनेरले?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "तुम्हले कोनी सांगं?"

"जिना घर लगीन शे, ती मन्ही पोर शे, करणसिंग."

त्याला हे आधीपासून माहीत होतं की नाही, ते मला तोंडावरून कळलं नाही. दलालाचं तोंड देव कोरंच ठेवतो. चहा बशीत ओतत म्हणाला, "मी पैसा जुळावस, बाई. नातं देखत नही." मी म्हटलं, बशीतला चहा पी आणि चालू लाग, दिवाळीआधी तुला पूर्ण चार मिळतील, तोवर नेमीचंदशी परभारे बोलायचं नाही.

समजलं का? ज्याने मुलीच्या लग्नाचे पैसे अडकवून ठेवले तो माणूस तुझा भाऊ आहे. तुझ्या ताटात ठेवायला त्याने तुझेच पैसे उचललेत. त्यावर तो महिन्याला सहा हजार भरतो, तुझ्या पाकिटात पाच पोचतात, मधला हजार करणसिंग खातो. सात लाखांच्या मायऱ्याशी बरोबरी करायला निघालेलं माझं घराणं. तू हॉलवाल्याला थांबवलंस कारण भावाने पैसे दिले नाहीत, आणि भावाने पैसे दिले नाहीत कारण ते तुला द्यायचे होते.

नेमीचंदला सांगितलं तेव्हा तो एकाच पातेल्याला फडकं मारायला लागला. मग म्हणाला, "मग झालंच की. तिचे तिला पोचले." मी म्हटलं, पोचले नाहीत. दोन ऐंशी कपाटात आहेत आणि एक वीस तू पतसंस्थेत भरलेस. ती वाट अजून चालायची आहे.

तर ऐक. हे पैसे मायरा म्हणून येणार नाहीत. कर्ज म्हणून गेलेत, कर्ज म्हणून परत येतील, करणसिंगच्याच हातून, दिवाळीच्या आत. हॉलवाल्याला दिवाळीचा वायदा दे. जवाईसांना हे पत्र दाखव.

बाई

•

अमळनेर,
१५ सप्टेंबर २०२५

बाई, पगे लागते.

तू बस म्हणालीस म्हणून बसले. वाचून झाल्यावर आधी हसू आलं, मग रडू. रिंकू धावत आली, तिला वाटलं तळोद्याला काही झालं. मी म्हटलं, काही नाही, मामाची मजा. पत्र तिला दाखवलं नाही.

ह्यांना दाखवलं. ते तापले. "माझेच पैसे मलाच मायरा?" म्हणून घरभर फिरले. दुसऱ्या दिवशी मात्र शांत झाले आणि संध्याकाळी म्हणाले, मला एक सुचलंय. ते मी तुला लिहिते, रागावू नकोस, नीट विचार कर.

भाईने पैसे करणसिंगला द्यायचेच नाहीत. ते थेट मंडपात आणायचे. ताटात चार लाख ठेवायचे, माइकवर आकडा जाऊ दे, सगळ्या गोताने बघू दे. आणि त्याच क्षणी आमचं देणं फिटलं. आतल्या आत हिशेब मिटला, बाहेरच्या बाहेर अब्रू राहिली. हॉलवाला आणि आचारी लग्न लागेपर्यंत थांबतील, ह्यांनी विचारलंय. कोणाचं काही गेलं नाही. भाईचा शब्द राहील, माझी मान राहील, सासूबाई गप्प बसतील. एक वीस कमी पडतात तेवढे धनतेरसला जमतीलच असं तूच म्हणतेस.

बाई, यात पाप कुठे आहे? मला दिसत नाही.

दीपमाला

•

तळोदा,
२२ सप्टेंबर २०२५

चि. दीपमाला,

पाप नसेल. खोट आहे.

मंडपात चार लाख दिसले की जळगाववाले ते लिहून ठेवतील. उद्या रिंकूची पहिली दिवाळी, परवा तिचं बाळंतपण. ते त्याच मापाने बघतील, आणि तेव्हा ताटात ठेवायला तुझ्याकडे कोणाचं कर्ज नसेल. हे तुझं झालं.

माझं वेगळं आहे. माझा मुलगा दिवाळीनंतर घरी बसणार. टाळ्या वाजल्या की त्याला वाटेल, आपण चार लाख दिले. जमलं. मग तुझ्या रिषभच्या मुंजीएवढ्या सोहळ्याला... आपल्यात मुंज नाही, पण जे काही निघेल त्याला पुन्हा करणसिंग. अब्रू वाचली की तिच्याबरोबर सवयही वाचते. मला त्याची सवय मोडायची आहे, आणि ती या ताटावर मोडणार.

जवाईसांची युक्ती चांगली आहे. खताच्या वसुलीसाठी वापरायला सांग.

बाई

•

अमळनेर,
११ ऑक्टोबर २०२५

बाई, पगे लागते.

तुझं मागचं पत्र ह्यांनी वाचलं. तेव्हापासून तळोद्याचं नाव निघालं की ते बाहेर जाऊन बसतात. मला मधे ठेवून तुम्ही दोघं जिंकताय.

हॉलवाल्याला मग तू म्हणालीस तसा दिवाळीचा वायदा दिला, पैसे त्याच्या आत आले तर बरं, नाहीतर तो तारीख दुसऱ्याला देईल. तेवढं बघ.

भाईचा परवा फोन आला होता. तू सांगितलं होतंस की त्याला फोन करायचा नाही, पण त्यानेच केला, मी काय करू. म्हणाला, "दीपमाला, बाईकडे लक्ष देऊ नकोस. कर्जाचं कर्जाच्या जागी, मायऱ्याचं मायऱ्याच्या जागी. मी बघतो." काय बघतो ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. खरं सांगायचं तर विचारायचं नव्हतं.

रिंकूच्या पत्रिका छापून आल्या. तुझं नाव पहिलं आहे.

दीपमाला

•

तळोदा,
२६ ऑक्टोबर २०२५

चि. दीपमाला, आशीर्वाद.

पैसे पोचले असतील. पूर्ण चार, धनतेरसच्या तिसऱ्या दिवशी करणसिंगच्या पिशवीत मोजून घातले. सुनेने दुकानात उभं राहून भांडी विकली, बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. तिच्याइतका कडक भाव नेमीचंदने कधी लावला नाही. बायका म्हणायच्या, "शेठ असता तर सोडला असता." ती म्हणायची, "म्हणूनच शेठ आत बसलेत." मोठी लग्नाची पातेली, जी दहा वर्षं वरच्या फळीवर होती, ती एका मंगल कार्यालयवाल्याने एकगठ्ठा नेली. टीव्ही शेजारच्याला हप्त्यासकट दिला. आता राहिलं पतसंस्थेचं आणि पाटल्यांचं. ते दोन्ही दुकानाच्या भाड्याच्या अनामतीतून फिटतं. जागा औषधवाला घेतोय, करार देवदिवाळीनंतर. म्हणजे तुझा भाऊ साठाव्या वर्षी कोणाचंही देणं नसलेला माणूस म्हणून घरी बसू शकतो. आपल्या खानदानात असा पहिलाच.

बसू शकतो म्हटलं. बसेल असं म्हटलं नाही.

करणसिंगने चिठ्ठी फाडली, तुकडे माझ्या हातात दिले, तरी उठेना. पान खात राहिला. मी म्हटलं, अजून काय? इकडेतिकडे बघून म्हणाला, "नेमीशेठनी दोन लाखनं सांगेल शे. नवं. अडीच रुपया. पुढला बुधवारले लयी येस." माणूस दलाल असला तरी मला सांगून गेला. त्याला माझी भीती वाटते की माझी दया येते, ते मी विचारलं नाही.

नेमीचंदला समोर बसवलं.

"दोन लाख कशाला?"

"मायऱ्याला. चार नाही तर दोन तरी."

"अडीच रुपयाने?"

"मार्गशीर्ष तोंडावर आलाय, बाई. पैसा महाग आहे."

"आणि फेडणार कोण? दुकान गेलं, गल्ला गेला. औषधवाल्याचं भाडं खायचं की व्याजाला द्यायचं?"

"भाचीच्या मंडपात मामाने मान खाली घालून उभं राहायचं काय?"

"त्या मंडपात तू दोन तास उभा राहशील. पतसंस्थेच्या दारात किती वर्षं राहिलास, ते आठव."

"शब्द दिलाय."

"कोणाला?"

"दीपमालाला. तिने सोडला तर सोडीन. तिने सोडलाय का?"

माझ्या कमरेला कपाटाची किल्ली आहे, पण अडीच रुपयाच्या कागदावर सही करायला किल्ली लागत नाही. साठ वर्षांचा माणूस आहे, मी काय त्याचा हात धरून बसू?

तू शब्द सोडला नाहीस. ऑगस्टात मी मागितला, तू एजन्सी सांगितलीस. सप्टेंबरात मागायची गरजच पडायला नको होती, तर तू जवाईसांची युक्ती धाडलीस. ऑक्टोबरात तुला ऐकू आलं की तो काहीतरी बघणार आहे, आणि तू विचारलं नाहीस. मी तुला दोष देत नाही. सासूबाई बघतात, ते तुला भोगायचं आहे, मला नाही. म्हणून तुझ्याकडे आता मागणार नाही.

पण ज्या पोरीचं लग्न आहे तिला या चार महिन्यांत कोणी काही विचारलंय? मी नाही, तू नाही, तिच्या बापाने नाही, मामाने नाही. तिला पत्रं दाखवली नाहीस. ती बी.कॉम. झालेली आहे, दीड आणि अडीच यातला फरक तिला तुझ्या-माझ्याआधी कळेल. मायरा तिच्या नावाने येतो. आणि आपल्यात भाचीने नको म्हटलेली वस्तू मामाला पुढे करता येत नाही, नेमीचंदच्या बापालाही करता आली नव्हती.

तेव्हा माझी सगळी पत्रं रिंकूच्या हातात दे. पहिल्यापासून, कडू आहेत ती सुद्धा. तिला सांग, नानी म्हणते, तुझ्या मंडपात मामा ओढणी, नारळ आणि अकरा भांडी घेऊन येईल, मी त्याच्या शेजारून चालेन, आणि माइकवर आकडा विचारला तर अकरा म्हणून मी सांगेन. हे तिला चालत असेल तर तिने मामाला तसं लिहावं. चालत नसेल तर तेही लिहावं, मग मी करणसिंगला अडवणार नाही.

तो येत्या बुधवारी, म्हणजे एकोणतीसला यायचा होता. दिवाळीचा हिशेब चालू आहे असं सांगून मी त्याला पाच नोव्हेंबरपर्यंत ढकललाय. पत्र त्याआधी यायला हवं. पोस्टावर विसंबू नका, सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे द्या.

उत्तर तू लिहायचं नाहीस. जवाईसांनी सांगून लिहवायचं नाही. मला लिहायचं नाही. रिंकूने स्वतःच्या हाताने तिच्या मामाला लिहायचं आहे, दुसऱ्या कोणाचं पत्र आलं तर मी ते न फोडता परत पाठवीन.

बाई